परत येतो तो फक्त खालचा टप्पा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इस्रोच्या नव्या अवजड रॉकेटची बातमी आपल्या अंकात वाचली. ‘पुन्हा पुन्हा वापरता येणारं रॉकेट’ हा मथळा अर्धाच खरा. परत येणार तो फक्त पहिला टप्पा, म्हणजे रॉकेटचा सगळ्यात खालचा भाग. वरचं सगळं एका खेपेतच संपतं.

आमचा ट्रकचा धंदा. सावद्याहून केळी भरून गाडी दिल्लीला निघते तेव्हा परतीचं डिझेल आधीच हिशेबात धरलेलं असतं. रॉकेटचं तेच, फक्त वाटेत पंप नाही! उतरण्यापुरतं इंधन पहिल्यापासून टाकीत राखायचं, उतरायचे पाय सोबत वाहायचे आणि तेवढा माल कमी भरायचा. अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन ९ रॉकेट परत आणायचंच नसेल तर पृथ्वीजवळच्या कक्षेत २२.८ टन नेतं. पहिला टप्पा समुद्रातल्या तराफ्यावर उतरवायचा असेल तर साडेसतरा टनांच्या आसपास. पाच टनांचं भाडं सोडूनही त्यांना परवडतं, कारण नऊ इंजिनं त्याच टप्प्यात असतात आणि काही टप्प्यांनी तीसहून जास्त खेपा मारल्यात.

आपल्याला मोठी गाडी हवीच आहे, त्यात वाद नाही. ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ हा आपला दळणवळण उपग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडाहून फाल्कन ९ वर पाठवावा लागला. आपल्या सगळ्यात ताकदवान रॉकेटला, एलव्हीएम३ ला, ते ओझं तेवढ्या उंचावर नेणं झेपणारं नव्हतं. त्याच्या दोनच महिने आधी, १८ सप्टेंबरला, केंद्रीय मंत्रिमंडळाने पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टन नेणाऱ्या याच नव्या रॉकेटला ८,२४० कोटी मंजूर केले होते. मुदत आठ वर्षांची.

मला काळजी खेपांची वाटते. २०२४ मध्ये इस्रोची उड्डाणं झाली पाच, फाल्कनची सव्वाशेच्या वर. गाडी परतली की आम्ही आधी टायर बघतो, मग पाटे. एक पाटा तुटलेला निघाला की दोन दिवस गेलेच. परत आलेल्या टप्प्यालाही तपासणी, दुरुस्ती, माणसं लागणार. तो खर्च वर्षाला दोन-तीन खेपांत कसा निघायचा? दारात उभ्या गाडीचा हप्ता काही थांबत नाही, हे आमच्या गल्लीतलं पोरही सांगेल. तेव्हा रॉकेट कसं उतरणार याच्या चित्रांसोबत, त्यात भरायला कोणाचा आणि किती माल आहे, तेही आपल्या वार्ताहराने विचारावं.

आणि पुढच्या वेळी मथळ्यात ‘पहिला टप्पा’ हे दोन शब्द तेवढे बसवावेत.

आपला,
एक ट्रकमालक,
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव