खड्डा बुजवण्याआधी तळाच्या मातीचे आकडे हवेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या इंधन-टाक्यांच्या जागेची सफाई पूर्ण झाल्याची आपली कालची बातमी वाचली. काळी पडलेली माती उचलली, वास गेला, म्हणून जागा सुरक्षित, हे त्यातले विधान वाचून राहवले नाही.

वास ही कसोटीच नव्हे. खड्ड्याच्या काठावर पंधरा मिनिटे उभे राहिले की नाक सरावते आणि वास येईनासा होतो. पेट्रोलमध्ये असणारे बेंझिन कर्करोगकारक आहे. कामाच्या ठिकाणच्या हवेत त्याचे प्रमाण आठ तासांच्या सरासरीने दहा लाख भागांत १ भागाहून जास्त असू नये, असा अमेरिकेतील कामगार-सुरक्षेचा नियम आहे, आणि बहुतेकांच्या नाकाला त्याची चाहूल लागते ती त्याहून जास्त प्रमाणाला. म्हणजे वास येत नाही तेव्हाही धोका असू शकतो.

बातमीत किती गाड्या माती उचलली ते सविस्तर दिले आहे. पण जी माती गेली ती गेली. सफाई झाली की नाही हे खड्ड्यात जी उरली आहे तिच्यावरून ठरते. पेट्रोल झिरपत भूजलापर्यंत गेले की पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते, आणि पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे वरखाली होते तसा मातीचा एक जाड पट्टा माखून निघतो. खड्ड्याच्या भिंतीचा वरचा भाग कोरा आणि ओलीच्या रेषेपाशी माती इंधनाने माखलेली, असे म्हणूनच दिसते. जुन्या नळांच्या चरांतल्या मोकळ्या भरावातून तर पेट्रोल टाकीपासून लांबवर जाते. तळाचे आणि प्रत्येक भिंतीचे वेगळे नमुने घ्यावे लागतात ते यासाठी, आणि तेही जिथे माती सर्वांत वाईट दिसते तिथून. आपल्या बातमीत तळाच्या नमुन्यांचा शब्दही नाही.

मी बरीच वर्षे माती-पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुने उतरवून घेण्याच्या टेबलावर होतो. एकदा अशाच एका खोदकामावरून संध्याकाळी सहा बाटल्या आल्या. खोक्यात बर्फ नव्हता आणि बाटल्या हाताला कोमट लागत होत्या. दोन जेमतेम निम्म्या भरलेल्या. एकीच्या झाकणाच्या आट्यांत वाळू अडकल्यामुळे झाकण शेवटपर्यंत बसलेच नव्हते. चिठ्ठीवर 'खड्ड्यातील माती' एवढेच लिहिलेले, खोली नाही, बाजू नाही, वेळ नाही. आणणाऱ्या मुलाने सांगितले की ढिगावरची चार-पाच ठिकाणची माती घमेल्यात घेऊन, नीट कालवून मग भरली आहे. त्याला वाटत होते की आपण काम चोख केले, कारण शेतातल्या मातीचा नमुना तसाच घेतात. पण बेंझिन, टोल्युइन हे घटक माती कालवता कालवताच हवेत उडून जातात, आणि उरलेले अर्धवट भरलेल्या बाटलीतल्या रिकाम्या जागेत जमून झाकण उघडताक्षणी निघून जातात. तपासणीत काहीच निघाले नाही. नमुना योग्य रीतीने आलेला नाही असा शेरा मी लिहिला, परंतु तो शेवटच्या पानाच्या तळाशी राहिला आणि खड्डा पहिल्या पानावरच्या 'आढळले नाही' या दोन शब्दांवर बुजवला गेला. पुढे त्याच जागेतल्या बोअरचे पाणी तपासायला आले, तेव्हा बाटलीच्या तोंडाशी सप्तरंगी तवंग होता. त्या मुलाला कोणी काही शिकवलेच नव्हते, याचा राग मला आजही आहे.

शिकवायला फार लागत नाही. मातीचा उघडा पडलेला पापुद्रा खरवडून काढायचा, आतल्या ताज्या मातीची सुमारे ५ ग्रॅमची कांडी लहान नळीने घ्यायची, ती आधीच वजन केलेल्या, मेथनॉल हे द्रावक घातलेल्या कुपीत लगेच टाकायची, झाकण घट्ट करायचे आणि कुपी बर्फात ठेवायची. ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेल्या अशा नमुन्याची तपासणी १४ दिवसांत व्हावी लागते. खड्डा खोल असेल तर आत उतरायचे नाही. पोकलेनच्या बकेटमध्ये वर आलेल्या मातीच्या गाभ्यातून नमुना घेता येतो. आपण छापलेल्या छायाचित्रात मात्र एक तरुण आधार न दिलेल्या उभ्या भिंतींच्या तळाशी वाकलेला आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती अशा खड्ड्यातच साचते, आणि भिंत ढासळायला क्षणही लागत नाही. ते छायाचित्र कौतुकाने छापण्याजोगे नव्हते.

हातातल्या यंत्रावरचा 'पीपीएम'चा (दहा लाख भागांत किती भाग याचा) आकडा आपण मातीतले प्रमाण म्हणून दिला आहे, हेही चूक आहे. ते यंत्र मातीवरच्या हवेतली वाफ मोजते. कुठे अजून खोदायचे हे ठरवायला त्याचा फार उपयोग होतो. परंतु डिझेलसारखे कमी उडणारे इंधन असेल तर माती त्याने चिकट होईपर्यंत भरलेली असूनही ते यंत्र अगदी लहान आकडा दाखवते. मातीतले प्रमाण किलोमागे मिलिग्रॅममध्ये येते आणि ते प्रयोगशाळेतूनच यावे लागते.

तेव्हा विनंती अशी की, आपल्या वार्ताहराने संबंधितांकडून तळाच्या आणि प्रत्येक भिंतीच्या नमुन्यांचा अहवाल मागून घ्यावा आणि तो खोली, नमुना घेतल्याची वेळ आणि नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्याची वेळ यांसह छापावा. जिथे 'आढळले नाही' असे लिहिले असेल, तिथे किती प्रमाणापर्यंत शोधले होते तो आकडाही द्यावा. खड्ड्यात भराव पडण्याआधी हे झाले, तर कमी पडलेली जागा पुन्हा खोदता येईल.

आपला,
एक जुना वाचक