डाव्या पेडलचे आटे

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर वैतागून म्हणालीस, "उजवं पेडल निघालं, डावं हलायला तयार नाही, आता करवतच लावते." करवत लावू नकोस. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. तू सोडवायला जेवढा जोर करत होतीस, तेवढं ते आवळत होतं. तिकडे सरळ आटे असते तर सायकल मारता मारता पेडल आपोआप सैल होऊन गळून पडलं असतं, म्हणून मुद्दाम उलटे पाडतात. आजोबांनी मला डावं-उजवं कधी शिकवलं नाही. म्हणाले होते, "पाना उभा धर. मागच्या चाकाकडे ओढलास की सुटतं, पुढच्या चाकाकडे ढकललंस की बसतं. दोन्हीकडे."

फोनवर एवढं सांगून भागलं असतं. पण त्यांच्या तोंडचं ते "दोन्हीकडे" काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

तू त्यांना पाहिलंस ते थकल्यावर. पंखा मंद झाला की खुर्चीतूनच "कंडेन्सर गेलाय" म्हणणारे, मला स्टुलावर चढवून मेन स्विच बंद केलाय का हे तीनदा विचारणारे आणि "२.५ चाच घाल, आकडा वाचून घाल" असं खालून बजावणारे आजोबा. माझे आप्पा वेगळे होते. ते जवळजवळ घरी नसतच. ३४ वर्षं लेथवर उभं राहून काम केलं, पाळी संपली तरी कुणाच्या बदली पुढची पाळी करायचे. रात्री आले की दिव्याखाली बसून तळहातात रुतलेले लोखंडाचे कण सुईने काढायचे. मी समोर अभ्यासाला. एक कण निघाला की तो कागदावर ठेवायचे, सगळे झाले की कागदाची पुडी करून टाकून द्यायचे, कुणाच्या पायात जायला नको म्हणून. या सगळ्यात ते बोलत काहीच नसत.

सुट्टीच्या दिवशी माझं काम ठरलेलं. वाकडे खिळे सरळ करायचे. दगडावर खिळा आडवा ठेवायचा, पोक वर येईल असा, आणि हातोडीने हलके ठोके देत फिरवत राहायचं. माझी बोटं किती वेळा ठेचली याचा हिशोब नाही. फळीच्या कडेजवळ खिळा मारायचा असेल तर आप्पा आधी त्याचं टोकच ठोकून बोथट करायचे. मला वाटायचं, मी सरळ केलेला खिळा मुद्दाम बिघडवतायत. एकदा रागाने विचारलं. त्यांनी एक फळी घेतली, शेजारी शेजारी दोन खिळे मारले. अणकुचीदार खिळ्याने फळी टराटरा उकलली, बोथट खिळा गुपचूप आत गेला. टोकदार खिळा लाकडाच्या रेषा बाजूला सारत जातो, म्हणून चीर पडते. बोथट खिळा त्या चिरडत जातो. हे मला बऱ्याच वर्षांनी वाचून कळलं. त्यांनी फक्त फळी हातात दिली होती.

सगळंच त्यांना जमायचं असंही नाही. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी एकदा उघडलं, परत जोडलं आणि दोन स्क्रू उरले. ते घड्याळ पुन्हा चाललं नाही. आजीने ते तसंच भिंतीवर ठेवलं, हिशोब राहावा म्हणून!

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट. मी त्यांच्यावर बरीच वर्षं रागावलेला होतो. आमचा नळ महिनोन् महिने गळायचा. पाच मिनिटांत बसणारा एक वायसर, पण तेवढी सवड नाही. आणि त्याच काळात ते कुणाची शिडी सांध, कुणाच्या दाराची कडी बसव, असं करत फिरायचे. आजी म्हणायची, "जगाचं आटपलं की आपल्या नळाकडेही बघा." ते हसायचे. त्यांचं दातृत्व लोकांना फुकट मिळायचं. किंमत आम्ही मोजायचो. हे आजही मला खरंच वाटतं.

पण जिन्यातलं एक दृश्य त्या रागात बसत नाही.

वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. त्यांचं काही ना काही मोडायचं आणि आप्पा जायचे. येताना शर्टाला नवं बटण लावलेलं असायचं. आपली आजी चिडायची, "मला काय बटण लावता येत नाही?" एके दिवशी मी शाळेतून येत होतो. आप्पा जिन्याच्या वळणावर, पाठमोरे, हातात हत्यारांची पिशवी. पिशवी खाली ठेवून त्यांनी स्वतःच्या शर्टाचं बटण धरलं, दोनदा पिरगाळलं आणि तोडलं. मग ते खिशात टाकून वर गेले. मी खालीच थांबलो. त्या आजींना पुन्हा हाक मारताना संकोच वाटू नये एवढ्यासाठी हा खटाटोप, हे त्या वयात कळलं नाही. चोरी पकडल्यासारखं मात्र वाटलं. आपल्या आजीला मी हे आजवर सांगितलेलं नाही.

हत्यारं तर ते कुणालाही द्यायचे. कुणी काय नेलं, वहीत लिहून ठेवा, असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "लिहिलं की मागावंसं वाटतं." त्यांची गिरमिटं गेली, चांगली पटाशी गेली, ओळंबा तर दोनदा गेला.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक माणूस दारात आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. "आप्पा आहेत का? पाना हवा होता." मी सांगायला तोंड उघडलं तोवर आजी आत गेली, पेटी उघडली, पाना आणून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "सावकाश आणा." मग त्याला कळलं. तो पाना घेऊन बराच वेळ दारातच उभा राहिला, जावं की परत द्यावा हे न उमजून. शेवटी घेऊन गेला. आजीने त्याचं नाव विचारलं नाही, मीही नाही.

सांगायचं एवढंच, की पेटी तुझ्याकडे पाठवतोय. कानस, पक्कड, गुण्या, सगळं आहे. पण पेडलला १५ नंबरचा पाना लागतो, आणि तो नेमका त्या माणसाकडे आहे. नवा घे. पेडल परत बसवताना आट्यांना ग्रीस लाव आणि आधी नुसत्या बोटांनी फिरवून बघ, सरळ आत जातंय ना ते.

तुझा,
बाबा