दोन खासदारांच्या राज्याचा वाटा

मा. संपादक,
स. न.

२०२४च्या निवडणुकीनंतर आलेल्या केंद्र सरकारचा पहिला पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलै २०२४ला मांडला गेला. बिहारच्या रस्त्यांना २६ हजार कोटी, आंध्रच्या राजधानीसाठी १५ हजार कोटींची सोय. पूरनिवारणाच्या भागात बिहार, आसाम, हिमाचल, उत्तराखंड आणि सिक्कीम अशी नावं आली. गोव्याचं नाव मी शोधत राहिले, ते कुठे आलं नाही.

सत्तरी तालुक्यातल्या माणसाला हे लागतं. जुलै २०२१ मध्ये म्हादई नदीचं पाणी आमच्या वाड्यावर चढलं. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं तेव्हा मुख्यमंत्रीच म्हणाले होते. आमच्या कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, कितीतरी पोफळी आडव्या झाल्या. पंचनामा झाला, थोडी मदतही मिळाली, पण पोफळ लावल्यावर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं घर कशावर चालवायचं, याचं उत्तर कुठल्याच पंचनाम्यात नसतं.

बिहारला पैसे मिळाले याचं मला वाईट वाटत नाही. तिथल्या कोसी नदीकाठच्या लोकांचे हाल आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि तिकडची मुलं आज गोव्यात कष्टाची कामं करताहेत. मला खटकते ती पद्धत. बिहारला विशेष राज्याचा (केंद्राकडून जास्त मदत मिळवून देणारा) दर्जा देता येत नाही, निकषांत बसत नाही, असं सरकारनेच २२ जुलैला लोकसभेत लेखी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. भाजपचे खासदार २४०, बहुमताला लागतात २७२. ही उणीव भरून काढतात ते आंध्रातल्या तेलुगू देसमचे १६ आणि बिहारमधल्या जनता दल (संयुक्त)चे १२. आघाडीत घटकपक्षांचं ऐकावंच लागतं, हे मान्य. पण पुराची मदत आणि रस्ते संख्याबळावर ठरू लागले, तर लोकसभेत दोनच खासदार असलेल्या गोव्यासारख्या राज्याने कुणाच्या दारात उभं राहायचं?

आणि तिजोरीही काही भरून वाहत नाही. सरकारच्या येणाऱ्या प्रत्येक रुपयात २७ पैसे कर्जाचे आणि जाणाऱ्या रुपयातले १९ पैसे नुसत्या व्याजाचे, हे त्या अर्थसंकल्पातच लिहिलं होतं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा खनिज वाहणारा आमचा ट्रक दारात उभा राहिला, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. तेव्हापासून कुठलाही हिशेब हातात आला की मी आधी व्याजाची ओळ बघते. वित्तीय तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जादा होणारा सरकारचा खर्च, देशाच्या एकूण उत्पादनाच्या ५.१ टक्के धरली होती, ती ४.९ टक्क्यांवर आणली, याबद्दल अर्थमंत्र्यांचं कौतुक केलं पाहिजे. पण त्यामागे रिझर्व्ह बँकेने दिलेले सुमारे २ लाख ११ हजार कोटी आहेत. दरवर्षी एवढं मिळेलच असं धरून चालता येणार नाही. घटकपक्षांच्या मागण्या मात्र पाच वर्षं येतच राहणार, आणि पैसा कमी पडला की कात्री आधी लागेल ती ज्यांच्यावाचून सरकारचं काही अडत नाही त्यांना.

म्हणून आमच्यासारख्यांना आधार तो वित्त आयोगाचा. केंद्राच्या करांतून राज्यांना जे वाटलं जातं, त्यातल्या हजार रुपयांमागे २०२१ ते २०२६ या काळात गोव्याला ३ रुपये ८६ पैसे ठरले होते, बिहारला १०० रुपये ५८ पैसे. हे सूत्राने ठरतं, तिथे खासदार मोजत नाहीत. पंधराव्या आयोगाच्या सूत्रात ४५ टक्के वजन दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला होता, तिथे श्रीमंत म्हणवणारा गोवा मागे पडतो. वन आणि पर्यावरणाला फक्त १० टक्के. म्हादई अभयारण्याच्या कडेने राहणाऱ्यांना विचारा, जंगल राखणं म्हणजे काय. त्याची बंधनं आम्ही रोज पाळतो, त्याचा मोबदला राज्याच्या वाट्यात दिसला पाहिजे.

एप्रिल २०२६ पासूनच्या पाच वर्षांचं वाटप ठरवण्यासाठी डॉ. अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखालचा सोळावा वित्त आयोग नेमला गेला, त्याने २०२५ मध्ये अहवाल दिला. सूत्रातलं वनांचं वजन वाढवावं आणि पुराची मदत नुकसानीच्या मोजमापावर, सगळ्या राज्यांना एकाच नियमाने मिळावी, या दोन मागण्या गोव्याने पुढच्या आयोगापुढे ठामपणे मांडाव्यात. उत्तर गोव्याचे खासदार श्रीपाद नाईक केंद्रात मंत्री आहेत, दक्षिण गोव्याचे विरियातो फर्नांडिस विरोधी बाकांवर. पक्ष कुठलाही असो, या कामासाठी दोघांनी एकत्र जावं. दोघंच तर आहेत.

राज्य सरकार त्या आयोगाला जे निवेदन देईल, त्याचा मसुदा आधी मराठी आणि कोकणीतून प्रत्येक पंचायतीत लावावा आणि ग्रामसभेला त्यावर बोलायला निदान महिनाभराची मुदत द्यावी, ही विनंती.

— एक कुळागरवाली,
सत्तरी, गोवा