सामन्याआधी घरटेही पाहा

महोदय,

क्रीडा क्लबांच्या वृक्षारोपणाची छायाचित्रे अधूनमधून छापून येतात. पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू, हातात रोप, शेजारी पदाधिकारी. हेतू चांगलाच असतो. पण जी पाखरे उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना मैदानाच्या कडेच्या झाडांचा उपयोग नाही. उलट उंच झाड म्हणजे कावळ्याला फुकटची गॅलरी. तिथे बसून तो खालची अंडी हेरतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, स्कोअररच्या टेबलामागून पाहिलेले आहे.

एका क्रिकेट क्लबसाठी मी बरीच वर्षे स्कोअर लिहिते. दिवसभर एका जागी बसून मैदानाकडे पाहत राहायचे, हेच आमचे काम. एका मोसमात दोन षटकांच्या मधल्या वेळात लक्षात आले, की थर्ड मॅनच्या, म्हणजे यष्टिरक्षकामागच्या सीमेजवळच्या, बाजूला एक टिटवी पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन बसते आहे. चेंडू तिकडे गेला की उठते, क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावर घिरट्या घालत त्याचा उद्धार करते, आणि तो परतला की थेट जागेवर न जाता थोडी लांब उतरून, इकडेतिकडे पाहत चालत येते. चहाच्या वेळेत मी तिकडे गेले. दोन पावलांवर उभी राहूनही काही दिसेना. उकिडवी बसले तेव्हा दिसली. उथळ खळग्यात चार अंडी, निमुळती टोके आत वळलेली, मातकट रंगावर काळे डाग, कडेने बारीक खडे. आणि हातभर अंतरावर गवत कापायच्या मशिनच्या चाकाचा ताजा ओरखडा.

टिटवीची अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. नर-मादी आळीपाळीने बसतात. कडक उन्हात तर उबवण्यापेक्षा अंडी तापू न देणे हेच मोठे काम. त्यासाठी ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि तशीच अंड्यांवर बसतात. आमच्या जोडीला हे पाणी पिचवर मारायच्या पाइपाच्या गळक्या जोडापाशी मिळत होते. तो जोड दुरुस्त करायचे सेक्रेटरींनी मनावर घेतले होते. मी त्यांना महिनाभर थांबवले. क्लबच्या इतिहासात कामाची दिरंगाई पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडली असावी.

चार आठवडे म्हणजे चार रविवारचे सामने. कर्णधार म्हणाला, ‘‘ताई, एका पाखरापायी सामने रद्द करायचे का?’’ रद्द करायची गरजच नव्हती. सीमारेषा नाणेफेकीपूर्वी ठरवण्याचा अधिकार नियमांनी पंचांना दिलेला आहे. त्या बाजूची दोरी आत घेतली, घरटे बाहेर राहिले. घरट्याला लागून काठी रोवली नाही, कारण असली खूण कावळाही ओळखतो. मशिनवाल्यासाठी चार मोडके स्टंप चांगले लांब ठोकले. पाहुण्या संघाने विचारले, चेंडू खेळात असताना पाखरू मध्ये आले तर? त्याचीही सोय आहे. २०२२च्या सुधारित नियमांनुसार माणूस, जनावर किंवा एखादी वस्तू मैदानात आल्याने कुठल्याही संघाचे नुकसान झाले, तर पंच ‘डेड बॉल’ देतात, म्हणजे खेळ तिथेच थांबला असे धरतात. यानंतर कर्णधार मलाच ‘टिटवी’ म्हणू लागला. टिटवीदेखील समुद्र आटविते अशी म्हण आहे, तेव्हा मी ते कौतुकच समजले.

एक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा कळली. टिटवीची पिल्ले अंग वाळले की पळू लागतात, त्यामुळे खळगा रिकामा दिसला म्हणून मशिन फिरवायचे नसते. आईने धोक्याची हाक दिली की ती पळत नाहीत, गवतात चिकटून निपचित पडतात. मशिनला हेच हवे असते. त्या कोपऱ्यातले गवत पुढेही बरेच दिवस तसेच ठेवले.

आणि एक गोष्ट कळली ती फारच उशिरा. त्याच मोसमात सरावाच्या जाळीत अडकून एक धामण मेली. जाळीचा खालचा भाग जमिनीवर लोळत होता. साप डोके घालतो, जाड भाग अडकतो, मागे सरकायला गेला की धागा खवल्यांत शिरतो. धडपडेल तितका फास आवळतो. सकाळी आम्ही पाहिली तेव्हा मुंग्या लागल्या होत्या. बिनविषारी साप, आमच्या किटबॅगा कुरतडणाऱ्या उंदरांवर जगणारा. तेव्हापासून सराव संपला की जाळी वर गुंडाळून बांधतो. दोन मिनिटांचे काम. फुटबॉलच्या गोलजाळीत रात्री घुबडे अडकतात, तिथेही जाळी काढून ठेवणे हाच उपाय. पॅव्हेलियनमधले उंदराचे विष आम्ही बंद केले, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो. प्रकाशझोतांचे मात्र अजून जमलेले नाही. सामना संपल्यावर फोटो काढून होईपर्यंत दिवे जळत राहतात आणि खांबांभोवती किड्यांचा खच पडतो.

इतर खेळांत हे होते आहे. अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात बहिरी ससाण्यांच्या विणीच्या काळात कड्यांवरचे चढाईचे काही मार्ग दरवर्षी बंद ठेवतात, आणि ब्रिटनमधले गिर्यारोहक आपल्या संघटनेने ठरवलेली अशी बंदी आपणहून पाळतात. डिसेंबर २०२२मध्ये माँट्रियलच्या जैवविविधता परिषदेत ‘स्पोर्ट्स फॉर नेचर’ हा क्रीडा संघटनांनी निसर्ग जपण्याचा आराखडाही जाहीर झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती त्यात आहे. पण असले कागद क्लबच्या मशिनवाल्यापर्यंत पोचत नाहीत. त्याच्यापर्यंत पोचते ती सेक्रेटरीची चिठ्ठी.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या संघटनांकडे एकच मागणे आहे. पंच सामन्याआधी मैदानाची पाहणी करतातच. त्या पाहणीच्या कागदावर एक रकाना वाढवावा: मैदानात घरटे आहे का, असल्यास कुठे. पानभर नियमावली नको. आमच्या स्कोअरबुकात मी शेऱ्याच्या जागी तेवढेच लिहीत होते: ‘थर्ड मॅन, अंडी ४, दोरी आत.’ चौथ्या रविवारची नोंद ‘पिल्ले ३’ अशी आहे.

आपली,
एका क्रिकेट क्लबची स्कोअरर