लंगडी बाजू नसलेली शैली

प्रिय विन्या,

तुझं पत्र वाचून आधी हसूच आलं. ‘जिची कुठलीच बाजू लंगडी नाही अशी लढायची शैली सांग, तीच शिकतो!’ अरे, अशी शैली असती तर तिचा सराव कुणाला करता आला असता? सरावाचा जोडीदार दुसऱ्या दिवशी धड परत यायला हवा, म्हणून प्रत्येक तालमीत काही ना काही वर्ज्य असतंच. आणि जे वर्ज्य, नेमकं तिथंच अंग गाफील राहतं.

क्योकुशिन कराटे घे. मुठीला काही न बांधता पूर्ण ताकदीनं ठोसे आणि लाथा, पण स्पर्धेत तोंडावर बुक्की मारायची नाही. मग ही मंडळी छातीला छाती भिडवून लढतात. मार खाऊन खाऊन बरगड्या टणक होतात, हात मात्र हनुवटीच्या खालीच राहतात. साध्या बॉक्सरचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, नाकावर बसला की यांचं अंतराचं सगळं गणित कोलमडतं. तायक्वांदोतही तोंडावर ठोसा चालत नाही, तिथं तर हात कमरेपाशी लोंबत असतात. ज्यूदोत 2010 साली पाय धरून पाडण्यावर बंधनं आली आणि 2013 पासून जवळपास बंदीच. पुढच्या पिढीला पायात शिरणारा गडी रोखायची सवय लागणार कुठून?

मला सगळ्यात गंमत वाटते ती कुस्तीची. पाठ टेकली की खेळ संपला, हे पैलवानाच्या हाडीमाशी भिनलेलं असतं, म्हणून खाली गेला की तो झटकन पोटावर वळतो. कुस्तीत ते बरोबरच. पण गळा आवळायची मुभा असेल तिथं पोटावर वळणं म्हणजे पाठ आंदण देणं. जिउ-जित्सूवाला, म्हणजे जमिनीवर गळा आवळून किंवा सांधे पिरगळून हरवणारा, मागून दोन्ही पाय त्याच्या मांड्यांत अडकवतो, एक हात हनुवटीखालून सरकवतो आणि कोपर गळ्याच्या मधोमध आलं की दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतो. मान कितीही जाड असली तरी काही सेकंदांत शुद्ध हरपते. पण हाच जिउ-जित्सूवाला स्वतःहून खुशाल पाठीवर निजतो, कारण त्याच्या स्पर्धेत वरून तोंडावर ठोसे पडत नाहीत!

1988 ची अमेरिकन रिक रूफस आणि थाई चांगपुएक यांची लढत मिळाली तर जरूर बघ. रूफस ज्या किकबॉक्सिंगमध्ये घडला, त्यात कमरेखाली लाथ चालायची नाही. समोर चांगपुएक, मुय थाईचा म्हणजे थाई बॉक्सिंगचा गडी, तिथं मांडीवरही लाथ चालते. पहिल्याच फेरीत रूफसनं त्याचा जबडा मोडला, त्याला खाली पाडलं. चांगपुएक उठला आणि मांडीवर लाथा घालत राहिला. त्या अडवायला गुडघा नुसता उचलून नडगी आडवी धरायची असते, पण रूफसचा पाय जागचा हलेना, कारण तसं शिकवलेलंच नव्हतं. चौथ्या फेरीत लढत थांबवावी लागली. जबडा मोडलेला जिंकला.

1993 च्या पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या शैलींचे गडी एकमेकांशी भिडतात त्या स्पर्धेत, आर्ट जिमरसन हा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला आणि जिउ-जित्सूवाला रॉयस ग्रेसी छातीवर बसताच थाप मारून, म्हणजे हार मानून, मोकळा झाला. त्यावरून ‘बॉक्सिंग कुचकामी’ म्हणणारे अजून भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. जमिनीवरची लढाई त्याच्या अभ्यासक्रमातच नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

शैलीची उणीव चार महिने दुसऱ्या तालमीत घाम गाळून बरीचशी भरून काढता येते. माणसाची खोड जास्त चिवट. बॉक्सर जो लुई 1936 पर्यंत अजिंक्य होता. त्याचा प्रतिस्पर्धी मॅक्स श्मेलिंगनं त्याच्या लढती पुन्हा पुन्हा पाहून एकच गोष्ट हेरली: जॅब मारल्यावर लुईचा डावा हात खाली येतो. त्याच फटीतून तो उजवा ठोसा घालत राहिला आणि बाराव्या फेरीत लुई आडवा झाला. लुईनं 1938 साली परतफेड केली, तीही पहिल्याच फेरीत, 124 सेकंदांत.

हे एवढं पाल्हाळ तू पाठवलेल्या व्हिडिओमुळे. तुझाही जॅब सरळ परत येत नाही, अर्धवर्तुळ काढत छातीपर्यंत उतरतो. दम लागल्यावर तर पार पोटापर्यंत. सध्या नवी शैली राहू दे बाजूला. जोडीदाराला सांग, तुझ्या प्रत्येक जॅबवर त्यानं हलकेच उजवा ठोसा टाकायचा. हात गालाशी परतला नसेल तर टपली बसेलच. आणि हे सराव संपत आल्यावर, हात जड झालेले असताना कर. ताज्या दमात सगळ्यांचाच गार्ड, म्हणजे तोंड झाकणारे हात, वर असतो.

पुढचा व्हिडिओ समोरून नको, बाजूनं काढ. हात नेमका कुठवर उतरतो, ते समोरून नीट दिसत नाही.

तुझा,
नंदू