एका बटणाला किती कामं?

महोदय,

डिजिटल गिटार अ‍ॅम्प्लिफायरवरच्या दिव्यांबद्दल कुणीतरी बोलायला हवं. माझ्या अ‍ॅम्पवर 'टॅप'चं बटण आहे. ठेक्यात दाबलं की डिलेचा, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीचा, वेग ठरतो आणि दिवा त्याच वेगाने लुकलुकतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर दर अर्ध्या सेकंदाला एकदा. तेच बटण दाबून धरलं की ट्यूनर (तारा सुरात लावायची सोय) सुरू! इथवर ठीक. पण प्रीसेटचं, म्हणजे साठवलेल्या आवाजाचं, बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं, तर जुना आवाज पुसून नवा साठवला जातो, तेही न विचारता. त्यात दिवा हिरवा म्हणजे सिग्नल ठीक, लाल म्हणजे मर्यादेबाहेर. मला लाल-हिरव्यातला फरकच नीट दिसत नाही. दिव्याशेजारी दोन अक्षरं छापायला कंपन्यांचं काय जातं?

– एक गिटारवादक वाचक