भाऊ, तुम्ही बाबांना ‘चुकलात’ म्हणालात

भाऊ,

परवा शुक्रवारी तुम्ही दारात चपला घालत होता तेव्हा मी ‘देव बरें करूं’ म्हणाले. तुम्ही हात झटकलात, ‘ताई, त्यात काय’ म्हणालात आणि सुक्या बांगड्यांची पिशवी उचलून बस पकडायला निघालात. तोंडी आभार तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून हे लिहून काढते आहे, आणि चारचौघांसमोर. तुमचं नाव घालत नाही. म्हापशात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

चवथीच्या आधीची गर्दी होती सलूनमध्ये. बाबा खुर्चीत, गळ्याभोवती पांढरं कापड, मागे मोबाईलवर गाणी मोठ्याने चाललेली. एकाएकी बाबांनी कापडाखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि तळवे समोर करून वर धरले. कारागीर कात्री घेऊन तसाच थांबला. बाकावरची दोन पोरं फिस्सकन हसली. माझं वाक्य तयारच होतं, ‘त्यांना जरा बरं नसतं हो.’ तीन वर्षांत ते इतक्यांदा बोलले आहे की झोपेतही म्हणेन. पण त्याआधी तुम्ही पेपर खाली केलात आणि त्या पोरांना म्हणालात, ‘गप बसा रे. पटिंग चाललंय.’

बाबांनी आरशातून तुमच्याकडे पाहिलं आणि हात सावकाश खाली घेतले.

भाऊ, त्या हातांचा अर्थ आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हता. सकाळी पाव विकणाऱ्या पदेराचा भोंगा वाजला की ते हात वर. कुकरची शिट्टी झाली की हात वर. आत्याला वाटायचं त्यांना देव दिसतो. मला वाटायचं ते घाबरतात. चुलत बहिणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत ते उभे राहिले आणि हात वर केले, तेव्हा भटजीसुद्धा अडखळले. तेव्हा आमच्याच एका नातेवाइकाने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, ‘यापुढे यांना घरी ठेवत जा.’ त्या गृहस्थांनी हे पत्र वाचलं तर वाचू देत. बाबा लग्न थांबवत नव्हते. कुणीतरी महत्त्वाचं काही करत होतं आणि बाकीचे बोलत होते, म्हणून ते गर्दीला शांत करत होते. तीच त्यांची ड्युटी होती.

बाबा केंद्र सरकारच्या ऑडिट खात्यात होते. नोकरीतली बरीच वर्षं दिल्लीत गेली, लोधी कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये, शेवटची थोडी पणजीत. दिल्ली गोल्फ क्लब तिथून जवळ. ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना इंडियन ओपन या गोल्फ स्पर्धेला स्वयंसेवक म्हणून नेलं आणि मग ते जातच राहिले. दोरीपाशी उभं राहायचं, खेळाडू पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, घेऊन चेंडूवर वाकला की गर्दीने गप्प बसावं म्हणून हात वर करायचे, चेंडू थांबेपर्यंत खाली घ्यायचे नाहीत. आम्हा पोरांना त्यांनी फक्त तिथले मोर आणि जुने मकबरे सांगितले होते. आणि काटेरी झुडपं, ज्यांत चेंडू गेला की गेलाच. हातांचं कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यांना ते वाटलं नसेल.

पण मी आभार मानते आहे ते हात ओळखल्याबद्दल नाही. त्यानंतर जे झालं त्याबद्दल.

केस कापून झाले, बाबा तुमच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, ‘१९९१ साली मी तिथे होतो. फिरोज अली जिंकला.’ मी सवयीने मान डोलावली. तुम्ही सरळ म्हणालात, ‘नाही काका. १९९१ ला अली शेर. फिरोज अली १९९८ ला. तुम्ही चुकलात.’

माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं, ते म्हणतील त्याला हो म्हणा, वाद घालू नका. बाबा समोर बसलेले असताना ते माझ्याशी बोलत होते, जसं काही आम्ही बिघडलेल्या फ्रिजबद्दल बोलतोय. सल्ला कदाचित पुस्तकाप्रमाणे बरोबर असेल. आम्ही तो पाळला. तीन वर्षं घरात, दारात, देवळात, सगळीकडे हो बाबा, बरोबर बाबा. गोड बोलणारी माणसं आम्हाला पुष्कळ भेटली, नाही असं नाही. पण लहान मुलाशी बोलावं तसं गोड. ज्या माणसाने उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि स्वतःची चूक दाखवली तर लाल पेन्सिल पुढे केली, त्याला तीन वर्षांत कुणी ‘चुकलात’ म्हणालं नव्हतं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘बरोबर. अली शेर. कॅडी होता तो.’ कॅडी म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलणारा. आणि तुम्ही म्हणालात, ‘मीपण.’

एवढंच. आणखी काही केलं नसतंत तरी मी हे पत्र लिहिलं असतं.

पण तुम्ही शुक्रवारचा बाजार आटपून आमच्याकडे यायला लागलात. चेंबूरच्या मैदानावर पोरवयात बॅगा उचलल्यात, आगेवाला म्हणून फेअरवेवर पुढे उभं राहून चेंडू कुठे पडतो ते टिपलंत, हे सगळं मला तुमच्या दोघांच्या भांडणांतूनच कळलं. १९९१ ला मुंबईच्या एका खेळाडूची बॅग घेऊन तुम्ही दिल्लीला गेला होता. त्याचा कट चुकला, म्हणजे शेवटच्या फेऱ्यांत त्याला जागा मिळाली नाही, तो परतला, तुम्ही मात्र मागे राहिलात. का, ते तुम्ही एकदाच सांगितलंत. एक कॅडी जिंकतोय असं कानावर आलं होतं, आणि ते डोळ्यांनी बघायचं होतं. तोवर ही स्पर्धा जिंकणारा भारतीय एकच होता, १९६५ चा बिल्लू सेठी. तो हौशी खेळाडू. नंतरची पंचवीस वर्षं कप बाहेरच्यांकडे गेला. आणि मग तो घरी आणला कुणी, तर दुसऱ्यांच्या बॅगा उचलत खेळ शिकलेल्या माणसाने. १९९३ ला पुन्हा त्यानेच. हे सांगताना तुमचा आवाज बदलतो, भाऊ. बाबांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही.

एरवी घालतात! माळ्यावरची जुनी निळी वही त्यांनी स्वतः शोधून काढली. पट्टीने रकाने आखले: वर्ष, नाव, शेरा. तुम्ही सांगायचं, त्यांनी तपासून टिकमार्क करायचा. १९६४, पहिली स्पर्धा, पीटर थॉमसन. ब्रिटिश ओपन एकूण पाचदा जिंकलेला ऑस्ट्रेलियन. भारतात अशी स्पर्धा उभी राहावी म्हणून त्याने स्वतः खटपट केली होती, हे तुम्ही सांगितलंत. सेठींसमोरचा शेरा वाचून मी हसले: ‘हौशी. बक्षिसाची रक्कम देय नाही.’ १९८१ ला पेन स्टुअर्ट. पुढे त्याने अमेरिकेची ओपन दोनदा जिंकली, पण ते बाबांनी लिहू दिलं नाही. ‘या वहीचा विषय नाही.’ १९९८, १९९९, २००० ला लागोपाठ तीन भारतीय: फिरोज अली, अर्जुन अटवाल, ज्योती रंधावा. फिरोज अली लिहिताना तुम्ही मुद्दाम खाकरलात. बाबांनी वर पाहिलं नाही, पण मिशीत हसले.

२००९ च्या मुनिअप्पापाशी तुम्ही थांबलात. तोही कॅडी. २०१३ चा बांगलादेशचा सिद्दीकुर रहमान, ढाक्याच्या मैदानावर चेंडू वेचणारा पोर. चौरसिया, ज्याचे वडील कोलकात्याच्या रॉयल क्लबवर गवत राखायचे. १८२९ चा तो गोल्फ क्लब, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना. अनेकदा दुसरा येऊन, २०१५ ला प्लेऑफमध्ये लाहिरीकडून हरून, शेवटी २०१६ आणि २०१७ अशी दोन्ही वर्षं त्याने घेतली. बोट प्रत्येक नावावर ठेवून तुम्ही म्हणालात, ‘काका, हा आपला. हासुद्धा आपला.’ बाबांनी विचारलं, ‘आपला म्हणजे?’ ‘दोरीच्या अलीकडचा.’ त्यावर बाबांनी टिकमार्क जरा ठसठशीत केला.

खरं सांगते, मला गोल्फचं प्रेम नव्हतं, आजही नाही. गोव्यात गोल्फ म्हटलं की आम्हाला आधी जमीन आठवते आणि पाणी आठवतं. तेरेखोलच्या लोकांना विचारा. तिथे होऊ घातलेल्या गोल्फच्या मैदानाविरुद्ध बोलणाऱ्यांत मीही होते आणि उद्या वेळ आली तर पुन्हा बोलेन. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘बोला की. मैदानं त्यांची, खेळ आमचा.’ यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी पाहिली, आणि तुम्हाला वाटलं असेल की मी स्वयंपाकघरात होते. वही २०२० पर्यंत आली. तुम्ही सांगितलंत, २०२०, २०२१, २०२२ ला स्पर्धाच झाली नाही. बाबा म्हणाले, ‘असं कसं? २०२१ ची मी आणि हिने टीव्हीवर बघितली.’ आई त्याच वर्षी गेली, भाऊ. तुम्हाला मी ते पहिल्याच शुक्रवारी सांगितलं होतं. सालात एक आकडा चुकला तरी न सोडणारे तुम्ही, त्या दिवशी वही मिटलीत आणि म्हणालात, ‘काका, चहा घेऊया का?’ ती तीन वर्षं अजून कोरी आहेत.

कोणती चूक दाखवायची आणि कोणती नाही, हे कुठल्या डॉक्टरकडे शिकलात तुम्ही?

बाबा बरे होणार नाहीत, हे मला माहीत आहे. काही सकाळी मी त्यांना कोण वाटते ते विचारण्याचं धाडस मी करत नाही. पण शुक्रवारी ते पाचला उठतात, दाढी करतात आणि इस्त्रीचा शर्ट मागतात. ‘तो चेंबूरकर यायचाय,’ म्हणतात, ‘त्याला कच्च्यात पकडायचंय.’ पदेर आला तरी हात वर होतातच. फरक एवढाच, आता मीही हातातलं भांडं खाली ठेवून थांबते.

या शुक्रवारी थोडे लवकर या. सोलकढी करून ठेवते. आणि येताना पुरावा आणा, कारण थॉमसन दोनदाच जिंकला, १९६४ आणि १९६६ ला, असं बाबांचं ठाम म्हणणं आहे. तुम्ही सांगितलेलं १९७६ त्यांना मान्य नाही. तो रकाना त्यांनी लाल पेन्सिलीने गोल करून ठेवलाय आणि शेऱ्यात लिहिलंय: ‘संबंधितांनी खुलासा करावा.’

तुमची,
ताई
म्हापसा